चर्चला जाऊन येते

तळोज्यातली कंपनी बंद पडल्यापासून मी घरात नुसता धुमसतोय. भाडं थकलंय, पोरीची फी राहिलीय. आणि माझी बायको एस्तेर रोज संध्याकाळी "चर्चला जाऊन येते" म्हणते आणि गाणं गुणगुणत परत येते. तिच्या त्या शांतपणानेच माझं डोकं जास्त फिरतं.

काल घरमालक अख्ख्या बिल्डिंगला ऐकू जाईल असा ओरडून गेला. तरी ही चपला घालून निघालीच.

"तुझा देव भाडं भरणार आहे का?" मी ओरडलो. ती दार ओढून गेली. मग मीही तिच्या मागे निघालो. म्हटलं, आज पास्टरांनाच जाब विचारतो.

चर्चमध्ये ती एकटीच होती. क्रुसासमोर, कमरेवर हात ठेवून उभी.

"ऐकू येत नाही का तुला? माझा नवरा झोपत नाही. त्याच्यासमोर मला रडताही येत नाही. बघतोस काय नुसता? बोल ना!"

बराच वेळ भांडून ती बाकावर बसली, डोळे पुसले आणि तेच गाणं गुणगुणायला लागली.

मी तिच्याजवळ गेलो.



"सरक जरा. मलाही भांडायचंय त्याच्याशी."