कवच ज्वारी

कांद्याची पात जांभळी पडली होती. हेमांगीने एक रोप उपटून मुळं भिंगाखाली धरली. ती पांढरीशुभ्र होती, बुरशीचा एक धागाही नव्हता.

"मामा, मुळांवर चांगली बुरशी असते. तिचे धागे लांबून स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, आणून पिकाला देतात. तुमच्या जमिनीत स्फुरद भरपूर आहे, पण आणून देणारं कुणी उरलं नाही."

केरूमामांनी ते रोप हातात घेतलं. काणी या बुरशीच्या रोगाने गावाची ज्वारी काळी पडली, तेव्हा या भाचीनेच प्रयोगशाळेत कवच ज्वारी घडवली होती. तिची मुळंच बुरशीनाशक सोडत. फवारणी थांबली, कणसं भरली, गावाने हेमांगीची मिरवणूक काढली. त्या औषधाला मात्र चांगली बुरशी आणि वाईट बुरशी सारखीच होती.

"पण दोन वर्षं मी कवच पेरलीच नाही," मामा म्हणाले.

हेमांगी बांधावर गेली. तिथली रानज्वारी उपटून तिने मुळाशी तपासणीची पट्टी लावली. पट्टी निळी झाली.

"वाऱ्यावरच्या परागांतून कवचचा गुण हिच्यात उतरलाय. आता हीसुद्धा तेच औषध सोडतेय, आणि पाण्याबरोबर ते शेतात उतरतंय."

"एवढंच ना? मग उपटू की हिला!" मामांनी धोतर खोचलं आणि वाकून उपटायला सुरुवात केली.

रानज्वारी बांधाबांधाने पार डोंगरापर्यंत हिरवीगार डोलत होती. एवढी उपटून संपणार नाही, हे हेमांगीला बोलवेना. ती मामांच्या शेजारी उकिडवी बसली आणि उपटू लागली.