कोरी चौकट

“बाई, ही अडगळ एकदाची काढून टाका,” साहेब म्हणाले. धरणाच्या वेबसाइटवर दोन वर्षांत एकदाही न दिसलेला मजकूर सॉफ्टवेअरने शोधून दिला होता. तिने यादी धड वाचलीही नाही. ‘सहा भाषांतरांसह कायमचं पुसायचं?’ स्क्रीनने विचारलं. “किती विचारशील रे बाबा!” म्हणत तिने ‘हो’ दाबलं. चहा निवायच्या आत धरणावरून फोन आला. “मॅडम, पाणी चढलंय, दरवाजे उघडतोय. इशारा पाठवा.” तिने बटण दाबलं. इशाऱ्याची पिवळी चौकट वेबसाइटवर आणि सगळ्यांच्या मोबाइलवर गेली, कोरी. दोन वर्षं दरवाजे उघडलेच नव्हते, मग वेबसाइटवर इशारा दिसणार कुठून? अडगळीबरोबर त्याचा मजकूरही पुसला गेला होता. तिने तो घाईघाईने आपल्या भाषेत पुन्हा लिहिला. बाकी सहा भाषा तिला येत नव्हत्या. खाली नदीपात्रात वाळू उपसणाऱ्या परभाषी मजुरांचे मोबाइल वाजले. त्यांनी कोरी चौकट पाहिली, मोबाइल खिशात टाकले आणि फावडी उचलली.