बोआडूचा खुराक

"शरीर ताटात घडतं, व्यायाम आपला नावापुरता," हे कुमासी शहरातल्या बोआडूचं ठाम मत. सहा महिने त्याची बायको सेरवा दोन्ही वेळा उखळात उकडलेले कसाव्याचे कंद कुटायची आणि हा त्या लगद्याचे, म्हणजे फुफूचे, भलेमोठे गोळे चापून आडवा व्हायचा.

शरीरसौष्ठव स्पर्धेच्या आदल्या दिवशी वस्ताद ओपोकू टेप घेऊन घरी आले. बोआडूचा दंड भरला तेरा इंच, पोट बेचाळीस.

"वस्ताद, काहीतरी करा. करंडक याच घरात येणार म्हणून गल्लीभर सांगून बसलोय."

वस्तादांची नजर अंगणात मुसळ चालवणाऱ्या सेरवाच्या दंडांवर खिळली होती.


"येईल की," ते म्हणाले. "बायकांच्या गटात संध्याकाळपर्यंत नावं घेतायत."