न कापलेली पानं

अण्णांना नुकतंच जमिनीवर घेतलं होतं. त्यांना मुलगा नव्हता, म्हणून अग्नी द्यायला बदलापूरहून त्यांचे धाकटे भाऊ, चिंतूकाका आले. आल्या आल्या त्यांची नजर उशालगतच्या जाडजूड पुस्तकावर गेली. पुठ्ठ्यावर सोनेरी क्रूस होता.

"उमा, हे काय?" त्यांनी पुतणीला विचारलं.

"आद्य ख्रिस्ती लोकांच्या ग्रीक लिखाणाचा संग्रह आहे, काका." उमा घाईघाईने म्हणाली. "अण्णा कॉलेजात ग्रीक शिकले होते ना."

"दादा बाटला असेल तर मी अग्नी देणार नाही. सांगून ठेवतो."

काकांनी पुस्तक उघडलं. तेव्हा अशी विलायती पुस्तकं पानांच्या घड्या न कापताच येत. वाचणारा सुरीने त्या कापत जाई. इथे एकही घडी कापलेली नव्हती. काका रडता रडता हसले.

"वाचलंच नाही की! नुसतं मिरवायला आणलंन."

उमाच्या जिवात जीव आला.

"चला, तोंडात गंगाजल घालू. देवघरातच असेल ना? मीच आणतो," म्हणत काका उठले.

 

उमाच्या आईने, माईंनी, तिचं मनगट करकचून धरलं. "तू आधी धाव! हा दुसरा खंड आहे. पहिला देवघरात आहे, आणि त्याचं पान न् पान कापलेलं आहे."