सामानाच्या वहीतील एक नोंद

गवंड्याच्या डोक्यावरील पट्टीवर परिचारिकेने ठळक अक्षरांत लिहिले होते : 'डावीकडे हाड नाही.' तिसऱ्या मजल्याच्या परांचीवरून तो पडला, मेंदूला भयंकर सूज आली आणि सर्जनांना कवटीचा तुकडाच काढून ठेवावा लागला. आता त्याचा जीव पडद्यावरच्या एका आकड्यात होता. मेंदूवरील दाब : अठरा. बावीसच्या वर गेला, की संकट.

गवंड्याची बायको उशाशी बसली होती. ठेकेदार आला तो बोलतच. "वहिनी, हे बघा याचं हेल्मेट! डोक्यावर होतं म्हणून तर वाचला. उद्या चौकशीवाले येतील, तेव्हा याच्या सामानात दिसू दे."

हेल्मेटवर ओरखडाही नव्हता. तीन मजले कोसळूनही त्याने आपली अब्रू शाबूत राखली होती.

"भाऊ, तुम्ही ह्यांना हेल्मेट दिलंच कधी?" बायकोने विचारले.

"वहिनी, उद्या तोंड बंद ठेवायचं!" तो खेकसला.

गवंडी खोकला. आकडा सव्वीसवर गेला.

"एक शब्द बोलू नका," परिचारिका दबक्या आवाजात म्हणाली. तिने गवंड्याची मान सरळ केली, गुंगीचे औषध वाढवले आणि आकड्यावर डोळे रोखून उभी राहिली. चोवीस. एकवीस. एकोणीस. मग तिने ठेकेदाराच्या हातातले हेल्मेट घेऊन उलटसुलट करून पाहिले आणि रुग्णांच्या सामानाची वही उघडून दोन ओळी लिहिल्या.

"हेल्मेट जमा झालं. इथे सही करा."

ठेकेदाराने न वाचताच झोकात सही ठोकली आणि निश्चिंत मनाने निघून गेला.

परिचारिकेने वही बायकोपुढे सरकवली.

'हेल्मेट, एक. अपघातानंतर चौथ्या दिवशी खालील सही करणाऱ्याने आणून दिले. आत दुकानाची पावती, खरेदीची तारीख आजची.'