क्षमा, स्वल्पविराम, स्त्रीलिंगी

"‘क्षत’, स्वल्पविराम, नपुंसकलिंगी, पूर्णविराम. जखम, स्वल्पविराम..." वाचक पाणी प्यायला थांबला. घसा सकाळपासून बसला होता.

"पुढे," समोरून दादा म्हणाले. नोंद अजून अर्धीच होती. पण दादा दम खाऊ देतील तर शपथ!

शब्दकोशाच्या कचेरीत दोघांचं काम एकच. वाचकाने हस्तलिखित मोठ्याने वाचायचं, विरामचिन्हांसकट. दादांनी पेन्सिल घेऊन समोरच्या छापील कागदाशी ताडून बघायचं आणि अधूनमधून चष्म्यावरून वाचकाकडे नजर टाकायची. नोंद झाली की बरोबरची खूण आणि "पुढे". दिवसभरात दादांच्या तोंडून तेवढंच निघायचं.

‘ह’ संपला होता. ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ची थोडी पानं उरली होती. पाच वाजता दादा निवृत्त होणार होते, आणि त्याआधी वाचकाला त्यांची माफी हवी होती. ते ओझं रोज घरी न्यायचा आता त्याला कंटाळा आला होता.

चौदा वर्षांपूर्वी शालेय कोश वाचताना त्याला डुलकी लागली आणि अख्खं पान राहून गेलं. संपादकांनी जाब विचारला, तर हा पठ्ठ्या म्हणाला, "मी तर वाचलं होतं. दादांनीच ऐकलं नसेल." दादांची बढती गेली ती गेलीच. ते भांडले नाहीत, फक्त बोलायचे बंद झाले. आधी निदान ‘हं’, ‘नाही’ तरी म्हणायचे, पुढे तेही आटलं. सकाळी सातलाच येऊन एकटे कागद चाळत बसायचे. एकदा जिन्यात वाचकाने मागून तीन हाका मारल्या, तरी माणूस वळला नाही.

"त्यांच्यापेक्षा भिंतीशी बोला, भिंत तरी दाद देईल," शिपाई म्हणायचा.

म्हणून वाचकाने ठरवलं होतं, वाचता वाचताच सांगायचं. तिथे दादांना ऐकणं भाग होतं.

"‘क्षमा’, स्वल्पविराम, स्त्रीलिंगी, पूर्णविराम. मूळ संस्कृत धातू क्षम्, अर्धविराम, सहन करणे, स्वल्पविराम, सोसणे, पूर्णविराम. दुसरा अर्थ पृथ्वी, स्वल्पविराम, कारण ती सगळ्यांचा भार सोसते, पूर्णविराम. ‘माफी’ पाहा, पूर्णविराम. तो शब्द अरबीतून, स्वल्पविराम, मूळ अर्थ पुसून टाकणे, पूर्णविराम."

नोंद इथे संपत होती. वाचकाने कागदावरून नजर न उचलता त्याच रटाळ सुरात चालू ठेवलं.

"उदाहरण, अपूर्णविराम. दादा, स्वल्पविराम, ते पान मी वाचलंच नव्हतं, पूर्णविराम. मला झोप लागली होती, पूर्णविराम. घाबरलो आणि तुमच्यावर ढकललं, पूर्णविराम. पुसून टाका म्हणायला मला तोंड नाही, पूर्णविराम. पण तुम्ही इतकी वर्षं सोसलंत, स्वल्पविराम, आता मला सोसवत नाही, पूर्णविराम. मला क्षमा करा."

शेवटचा पूर्णविराम काही त्याच्या तोंडून निघेना.

दादांनी मान वर केली. क्षणभर त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. मग वाकून नोंदीसमोर बरोबरची खूण केली.

"पुढे," ते म्हणाले. आवाज आज मऊ वाटला.

वाचकाला एकदम मोकळं वाटलं. उरलेली पानं त्याने कशी वाचली, त्याचं त्यालाच कळलं नाही.

पाचला भाषणं झाली. दादा सगळ्यांकडे बघून हसत होते. त्यांना न्यायला त्यांची बायको आली होती. दादा आपलं कपाट रिकामं करत असताना वाचकाने तिला दाराशी गाठलं.

"वहिनी, आज सुटलो मी! वाचता वाचता दादांना सगळं सांगून टाकलं, त्या पानाचं. शांतपणे ऐकून घेतलं त्यांनी. खूण केली आणि म्हणाले, ‘पुढे’."

दादा चार पावलांवर पाठमोरे उभे होते, तरी वहिनीने आवाज खाली आणला नाही.

"भाऊ, आता नोकरी संपली, सांगायला हरकत नाही. चार वर्षं झाली, त्यांचे दोन्ही कान गेलेत. काढून टाकतील म्हणून कुणाला कळू दिलं नाही. सकाळी लवकर येऊन सगळं डोळ्यांनीच ताडून ठेवायचे. मग तुमचे ओठ थांबले, की ‘पुढे’ म्हणायचे."