सरांचा व्हिडिओ

"मणक्यात उतरलंय," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी रिपोर्टचा लिफाफा राजाराम सरांपुढे सरकवला. "वर्षापूर्वी ऑपरेशन केलं असतंत तर..."

भिंतीला धरत धरत सर बाहेरच्या बाकावर येऊन बसले. त्यांची बायको नंदा औषधांच्या खिडकीपाशी रांगेत होती. गेल्या वर्षी डॉक्टरांनीच ऑपरेशन नको म्हटलं, एवढंच तिला माहीत होतं. तसं सरांनी तिला सांगितलं होतं. ते साफ खोटं होतं.

डॉक्टरांनी तेव्हा नीट समजावलं होतं. प्रोस्टेटचा कॅन्सर लवकर सापडलाय, काढून टाकू. नंतर नवराबायकोच्या संबंधात अडचण येऊ शकते, पण त्यावरही उपाय असतात. शेजारी लेकीच्या वयाची डॉक्टर टिपणं घेत होती. सरांना मान वर करवेना. मग जे डॉक्टरांना विचारायचं, ते त्यांनी मोबाइलला विचारलं. एक व्हिडिओ संपला की दुसरा आपोआप यायचा. पांढरा कोट घातलेला एक चूर्णवाला छातीठोकपणे सांगायचा, ऑपरेशन केलंत की पुरुषपण संपलं. नऊ लाख लोकांनी ते बघितलं होतं. देवरूखच्या शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवलेल्या माणसाने तो आकडाच पुरावा म्हणून धरला.

चार महिने चूर्ण खाऊन बरं वाटलं. चूर्णवाल्याने अनुभवाचा व्हिडिओ मागितला. निवृत्त मास्तरला आयता वर्ग मिळाला, मग काय विचारता! नंदा माहेरी गेलेली बघून सरांनी इस्त्रीचा शर्ट चढवला आणि शाळेतल्या आवाजात व्हिडिओ केला. शेवटी सवयीने "लिहून घ्या" म्हणत एक वाक्यही सांगितलं. त्या वाक्यावर ते स्वतःच खूश होते.

"वळखलंत काय सर?"

कपड्यांची पिशवी घेतलेला एक पन्नाशीचा माणूस वाकून पाया पडत होता.

"मी शिवा. तुमच्या धाव्वीच्या वर्गातला. मलाबी ह्योच कॅन्सर हाय. आज भरती व्हायचं व्हतं. पन तुमचा व्हिडिओ बगला नि आत्ताच नाव काढून आलो."

सरांनी वळून बघितलं. भरतीची खिडकी अजून उघडी होती. पण औषधं घेऊन नंदाही समोरून येत होती. सांगायचं तर तिच्यादेखत सांगावं लागणार होतं.

सर भिंतीला धरून उठले.

"शिवा, परत जा. आत्ता जा. माझ्या मणक्यात उतरलंय. डॉक्टर नको म्हणाले नव्हते, मी नको म्हणालो. पुरुषपण जाईल म्हणून घाबरलो मी."

नंदा जागच्या जागी थांबली.

"ह्यासाठी?" ती म्हणाली. "मला एकदा विचारायचंत तरी."

सरांनी तिच्याकडे बघितलं नाही. त्यांना तेवढा धीर नव्हता. ते शिवाचं तोंड निरखत होते. शिवा आधी गोंधळला. मग त्याने डॉक्टरांच्या बंद दाराकडे बघितलं आणि त्याच्या चेहऱ्यावर सरांबद्दलची कीव दाटून आली. त्याने खिशातून घडी घातलेला कागद काढला.

"तुमी कायपन काळजी करू नका सर. मी लिवून घेतलंय," तो हळूच म्हणाला आणि वर्गात उभा राहून वाचावं तसं वाचू लागला. "'उद्या डॉक्टर मला घाबरवून उलटं बोलायला लावतील. तेव्हा माझंसुद्धा ऐकू नका.'"